नदीकडे तोंड केलेला चौक

लिस्बनला जाणारे बहुतेक लोक हा चौक उलट्या बाजूने पाहतात. रोसियुच्या चौकातून निघायचं, रुआ औगुश्ता या पादचारी रस्त्याने दुकानं न्याहाळत खाली यायचं, समोर पांढरी कमान दिसली की फोटो काढायचा आणि तिच्याखालून पलीकडे जायचं. तिथे एकदम मोकळं आभाळ, तीन बाजूंना पिवळ्या इमारती, मधोमध घोड्यावरचा राजा आणि चौथ्या बाजूला पाणी. दृश्य छानच आहे. फक्त राजाची पाठ दिसते, घोड्याची शेपटी दिसते, आणि कमानीवरचे सगळे पुतळे आपल्या मागे राहून जातात, कारण ते नदीकडे तोंड करून बसवलेले आहेत.

म्हणजे स्वागत चाललंय ते पाण्यावरून येणाऱ्याचं. प्रासा दु कुमेर्सिउ, म्हणजे व्यापार चौक, हे त्याचं सरकारी नाव. जुने लिस्बनकर अजूनही तेरैरु दु पासु, राजवाड्याचं अंगण, असंच म्हणतात. या अंगणाला भिंती तीन आणि दार एक, ते नदीत उघडणारं. कमान हे त्या अंगणातून घरात, म्हणजे शहरात, जाण्याचं आतलं दार. हा क्रम पाळला तर चौकातली प्रत्येक वस्तू जागेवर बसते. उलटा धरला तर नुसती सेल्फीची जागा उरते.

क्रम पाळणं अवघड नाही. तेजो नदीच्या, म्हणजे नकाशावरच्या टेगसच्या, दक्षिण तीरावर बारैरु नावाचं गाव आहे. तिथून सुटणारी फेरीबोट चौकाला अगदी लागून, पूर्वेच्या धक्क्यावर लागते. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. जाताना मागच्या बाजूला आणि येताना पुढच्या बाजूला जागा धरा. शहर लांबून आधी टेकड्यांच्या रूपात दिसतं, मग डावी-उजवीकडची घरं सरकत जातात आणि मधे एकच चौकोनी रिकामी जागा उघडत जाते. तिच्या बरोबर मधोमध कमान. एवढा वेळ नसेल तर कासिल्यश गावाहून सुटणारी छोटी फेरी दहा मिनिटांत काइश दु सुद्रे इथे सोडते. तिथून नदीकाठाने पूर्वेकडे चालत यायचं, जेमतेम पाऊण किलोमीटर. या काठाचं नाव रिबैरा दश नाउश. भारताकडे येणारी गलबतं इथेच बांधली जायची. आता पायऱ्या आणि हिरवळ आहे, लोक उन्हात पडलेले असतात.

तिकिटाची एक गोम आधीच सांगितलेली बरी. मेट्रो, ट्राम आणि फेरीसाठी एकच कागदी कार्ड चालतं, नाव नव्हेगांत. पण कार्ड माणशी एक लागतं. नवरा-बायकोने एकाच कार्डावर जायचं म्हटलं तर दुसऱ्यासाठी फाटक उघडत नाही. शिवाय कार्डावर मेट्रो-ट्रामचं सुटं तिकीट भरलं असेल तर ते फेरीला चालत नाही. ‘झॅपिंग’ या प्रकाराने नुसते पैसे भरून ठेवले की सगळीकडे चालतं. धक्क्यावरच्या यंत्रासमोर बोट सुटायच्या दोन मिनिटं आधी हा शोध लागला की बोट गेलीच म्हणून समजा.

चौकाच्या मधोमध, पाण्याच्या कडेला, दोन दगडी खांब आणि त्यांच्यामधून पाण्यात उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत. हा खांबांचा धक्का. राजे, परदेशी पाहुणे, राजदूत याच पायऱ्यांवर उतरायचे. तेजो इथे नावाला नदी असली तरी वागते खाडीसारखी. समुद्र जवळ असल्यामुळे भरती-ओहोटीचा फरक उधाणाच्या दिवसांत तीन मीटरच्या पुढे जातो. भरतीला दोन-चार पायऱ्याच उघड्या राहतात आणि लाटा खांबांच्या बुडाला लागतात. ओहोटीला पायऱ्यांखालची हिरवी, शेवाळलेली फरसबंदी वर येते. लोक घसरतात ते इथेच. शेवाळाची रेषा स्पष्ट दिसते. तिच्या वरच्या कोरड्या पायरीवर बसा, खाली उतरू नका. मेट्रोच्या कामासाठी 1990च्या दशकात हे खांब उतरवून ठेवले होते आणि ते 2008 साली परत उभे राहिले. एवढा वेळ का लागला हे पायाखालची माती सांगते. चौकाखाली खडक नाही, नदीचा गाळ आहे. बोगद्यात 2000 साली पाणी आणि चिखल घुसला, काम अडलं, आणि इथलं मेट्रो स्टेशन 2007च्या डिसेंबरात सुरू झालं. या गाळाची गोष्ट पुढे पुन्हा येणारच आहे, कारण लिस्बनची सगळी सखल पेठ त्याच्यावर उभी आहे.

आधी इथे काय होतं? सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दों मानुएल राजाने टेकडीवरच्या किल्ल्यातला आपला मुक्काम हलवून नदीकाठी राजवाडा बांधला. राजाने गड सोडून धक्क्यावर राहायला यावं, याचं कारण शुद्ध हिशोबी होतं. वास्को द गामा कालिकतहून 1499 मध्ये परतला होता आणि पुढच्या काळात मिरी, दालचिनी, लवंग यांचे पेटारे राजवाड्याशेजारीच उतरू लागले. राजवाड्याला लागून ‘काझा दा इंदिया’, म्हणजे भारताचं कार्यालय आणि वखार. मालाचं वजन, मोजदाद, जकात, विक्री, खलाशांच्या नेमणुका, गलबतांची कागदपत्रं, सगळं इथे. मिरीचा मक्ता राजाचा. खिडकीतून मान बाहेर काढली की राजाला आपलं उत्पन्न उतरताना दिसायचं.

गोव्याकडे निघणारा तांडा मार्च-एप्रिलमध्ये इथून सुटायचा, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून नैर्ऋत्य मोसमी वारा पकडता येई आणि सप्टेंबरच्या सुमारास मांडवीत नांगर पडे. परतीची गलबतं डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वाऱ्यावर निघत. उशीर झाला की वारा चुकला, आणि वारा चुकला की वर्ष फुकट, शिवाय मोझांबिकमध्ये तापाने माणसं मरायची ती वेगळी. त्यामुळे लिस्बन आणि गोवा यांचा पत्रव्यवहारही वर्षातून एकदाच, मोसमाच्या टपालाने. राजाकडून आलेली पत्रं आणि उत्तरांच्या नकला गोव्यात वर्षावर्षाच्या बांधणीने ठेवल्या गेल्या. त्या बाडांचं नावच ‘मोसमाची पुस्तकं’. यातले काही खंड 1777 मध्ये लिस्बनला नेले, बाकीचे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. शिवकाल आणि पेशवाईचा अभ्यास करणाऱ्यांना पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दफ्तरातून मराठे-पोर्तुगीज संबंधांचे कागद काढून दिले. पणजीच्या दफ्तराला एवढं मोल का आलं, त्याचं अर्धं उत्तर या चौकात आहे: काझा दा इंदियाचं दफ्तर जळून गेलं.

1 नोव्हेंबर 1755, शनिवार, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्च भरलेली, प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या, घरोघरी सणाच्या चुली पेटलेल्या. अटलांटिकच्या तळाशी भूकंप झाला. आज त्याची तीव्रता साडेआठच्या आसपास किंवा त्याहून जास्त धरतात. हादरे काही मिनिटं चालले. दगडी घुमट आणि कमानी भक्तांवर कोसळल्या. जे वाचले ते अरुंद गल्ल्यांमधून उघड्या जागेकडे धावले, आणि सखल भागात उघडी जागा म्हणजे हाच चौक. नदीकाठचा नवा दगडी धक्का लोकांनी भरून गेला. मग पाणी ओसरलं, नदीचा तळ उघडा पडला, आणि भूकंपानंतर तासाभराच्या आतबाहेर समुद्राची लाट नदीतून वर चढली. धक्का माणसांसकट गेला. इतक्यात मेणबत्त्या आणि चुलींनी लावलेली आग भडकली होती. ती पाच-सहा दिवस जळत राहिली. मृतांच्या आकड्यावर एकमत नाही. शहरात 30 ते 40 हजार हा बऱ्याचदा दिला जाणारा अंदाज.

राजवाडा गेला. त्यातलं सुमारे 70 हजार ग्रंथांचं ग्रंथालय गेलं, भिंतींवरची चित्रं गेली, आणि शेजारचं नवंकोरं ऑपेरागृहही गेलं. त्याला उघडून सात महिने झाले होते. राजा दों जुझे त्या दिवशी शहराच्या पश्चिमेला बेलेंकडे होता म्हणून वाचला. पुढे तो दगडी छपराखाली झोपायला कधीच राजी झाला नाही. आजुदाच्या टेकडीवर लाकडी राजवाडा उभारला गेला आणि लोक त्याला राजाची झोपडी म्हणू लागले.

दफ्तराच्या बाबतीत एक गोष्ट नशिबाने चांगली झाली. राज्याचं मुख्य अभिलेखागार, तोर्रे दु तोंबु, किल्ल्याच्या बुरुजात होतं. बुरूज ढासळला पण आग तिथे पोचली नाही. त्याचा प्रमुख मानुएल द माया त्या वेळी 78 वर्षांचा होता. त्याने कागद ढिगाऱ्यातून उपसून फळ्यांच्या खोपटात हलवले. हाच म्हातारा राज्याचा मुख्य अभियंता. महिनाभरात त्याने शहराचं पुढे काय करायचं यावरचा पहिला आराखडा लिहून दिला, आणि आपण आज जी पेठ बघतो ती तिथून सुरू होते.

मायाने पर्याय मांडले पाच. होतं तसंच पुन्हा बांधायचं. तेच पण रस्ते रुंद करायचे. रस्ते रुंद आणि घरांची उंची कमी. सखल पेठ साफ पाडून नव्याने आखायची. किंवा जुनं शहर सोडून बेलेंकडे नवं वसवायचं. मंत्री सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यु, म्हणजेच पुढचा मार्क्विस द पोंबाल, याने चौथा पर्याय उचलला. एउजेनिओ दुश सांतुश आणि मूळचा हंगेरियन कार्लुश मार्देल यांनी आखणी केली. मुख्य रस्ते 60 पाल्मांचे. पाल्मु म्हणजे वीत, साधारण 22 सेंटिमीटर, म्हणजे रस्ता 13 मीटरच्या थोडा वर. त्यातले 50 गाड्यांना, उरलेले 10 दोन्ही कडांच्या पदपथांना. ढिगारा बाहेर वाहून न नेता त्याच्यानेच जमिनीची पातळी उंचावली, शिवाय गटारं आधी आखली. रस्ते धंद्यांना वाटून दिले: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्या पेठांसारखंच, फक्त फूटपट्टीने.

राजकारणी म्हणून पोंबाल कठोर माणूस होता आणि त्याच्या नावावर बरंच रक्त आहे. पण संकटात प्रशासन कसं चालतं याचा धडा म्हणून ते पहिले काही आठवडे वाचण्यासारखे आहेत. प्रेतं होडग्यांतून समुद्रात नेऊन बुडवली, म्हणजे साथ पसरू नये. लुटारूंसाठी फाशीचे खांब मुद्दाम दिसतील असे उभारले. धान्याचे आणि भाड्याचे भाव गोठवले. आणि देशभरच्या पाद्र्यांना एक प्रश्नावली धाडली: हादरे किती वेळ चालले, किती बसले, समुद्र आधी चढला की उतरला, किती विती, जमिनीला भेगा पडल्या का. भूकंप म्हणजे देवाचा कोप एवढंच जेव्हा व्यासपीठावरून सांगितलं जात होतं, तेव्हा सरकारने विती मोजायला सांगितल्या. भूकंपशास्त्राचे अभ्यासक आजही ती उत्तरं वापरतात.

आता गाळ. ओल्या गाळावर चार मजली दगडी घर उभं करायचं तर पाया कशावर टेकवायचा? उत्तर: हिरव्या, न वाळवलेल्या पाइनचे आखूड खुंट, साधारण दीड मीटर लांबीचे, दाटीने गाळात ठोकायचे, त्यांच्यावर आडव्या तुळयांची जाळी आणि मग दगडी पाया. एवढे आखूड खुंट खडकापर्यंत पोचत नाहीत. पोचणं अपेक्षितही नाही. ते गाळ दाबून घट्ट करतात. लाकूड पाण्याखाली कायम बुडालेलं असेल तर कुजत नाही, कारण बुरशीला हवा मिळत नाही. बिघडतं ते पाण्याची पातळी खाली गेली की. खुंटाचं डोकं कोरडं पडतं, हवा लागते, कूज धरते, आणि एक कोपरा दोन-चार सेंटिमीटर खचला तरी वर भिंतीला तिरपा तडा जातो. तळघरं, बोगदे, पंप यांनी भूजल हलतं, म्हणून इथे खोदकाम म्हटलं की अभियंत्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

पायाच्या वर तळमजला दगडी, खाली वखारी-दुकानं, छताला दगड-विटांच्या कमानी. खालची आग वर जाऊ नये म्हणून. पहिल्या मजल्यापासून पुढे मात्र भिंतीच्या आत लाकडाचा पिंजरा सुरू होतो. त्याला पोर्तुगीजमध्येही पिंजराच म्हणतात, गायोला. उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकटीत दोन तिरप्या दांड्यांची फुली. फुलीच्या मधल्या त्रिकोणांत दगड-विटांचे तुकडे आणि चुना भरून वरून गिलावा. आपल्या जुन्या वाड्यांतही खांब-तुळयांचा सांगाडा असतो, पण त्यात सहसा फुल्या नसतात, आणि सगळं मर्म त्या फुलीत आहे. चौकट आडवी हलली की चौकोनाचा समांतरभुज व्हायला बघतो. फुलीची एक दांडी ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि आकार टिकतो. भरलेला चुना भेगाळतो, गिलावा पडतो, हादऱ्याची ताकद त्यात जिरते, पण मजला खाली येत नाही. सैनिकांना नमुन्याभोवती पाय आपटत फिरवून या पिंजऱ्याची चाचणी याच चौकात घेतली, असं सांगतात. दोन घरांमधल्या भिंती छपराच्या वर काढलेल्या आहेत, त्या आगीला अडवण्यासाठी. कमानीवर चढलात तर छपरांच्या ओळींत त्या आडव्या भिंती शोधून बघा, नकाशापेक्षा चांगल्या कळतात.

खिडक्या, दारं, कठडे ठरावीक मापाचे. बाहेर कारखान्यात करून आणायचे आणि जागेवर बसवायचे. म्हणूनच पेठेतल्या इमारती एकमेकींच्या जुळ्या वाटतात आणि काहींना त्या रुक्ष वाटतात. रुक्ष आहेतच. शहर लवकर उभं करायचं होतं, नटवायचं नव्हतं. खरं दुःख वेगळं आहे: मोठी दुकानं करायची म्हणून खालच्या भिंती काढल्या, वर मजले चढवले, आणि अलीकडे हॉटेलांसाठी आतला पिंजरा उपसून फक्त दर्शनी भिंत ठेवण्याची लाट आली. बाहेरून इमारत अठराव्या शतकातली दिसते. पुढच्या भूकंपाला मात्र तिच्यात अठराव्या शतकाचं काहीच सापडणार नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर रुआ दुश कुरियैरुश या समांतर रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन जपून ठेवलंय. ते खुंट काचेखाली, ओले, प्रत्यक्ष दिसतात. त्याच जागी रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या टाक्याही आहेत. मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत, गट लहान असतो आणि रविवारी बंद असतं, तेव्हा आधी वेळ घ्या.

आता चौकात परत. मधला घोडेस्वार म्हणजे तोच दों जुझे, लाकडी घरात झोपणारा. पुतळा माशादु द काश्त्रु या शिल्पकाराचा, अनावरण 6 जून 1775, राजाच्या वाढदिवशी. कांस्याचा एवढा मोठा पुतळा बार्तुलुमेउ दा कोश्ता या लष्करी अभियंत्याने एका दमात ओतला, 1774च्या ऑक्टोबरमध्ये. एका दमात ओतण्यातली जोखीम ओतारी जाणतो: रस मधेच थंडावला, हवा कोंडली किंवा साच्यात ओल राहिली की वर्षांचं काम वाया. आत लोखंडी सांगाडा आहे. घोडा सापांना तुडवतोय. साप म्हणजे शत्रू, अडचणी, काय हवं ते माना, पण त्यांच्या वेटोळ्यांनी खुरांजवळचा भागही भरून निघतो. मान मिळाला तो ओतणाऱ्याला. शिल्पकाराच्या वाट्याला फारसं आलं नाही.

चौथऱ्याच्या दोन बाजूंना दगडी समूह आहेत, एकात घोडा, दुसऱ्यात हत्ती. हत्ती अर्थातच पूर्वेकडच्या विजयांचा. मराठी माणसाने त्याच्यासमोर मिनिटभर थांबून मनातल्या मनात वजाबाकी करावी: चिमाजी अप्पांनी वसई घेतली 1739 मध्ये. हत्ती बसला त्याच्या 36 वर्षांनी, म्हणजे उत्तर कोकणातला मुलूख हातचा जाऊन एक पिढी उलटल्यावर. पुढच्या बाजूला पोंबालचं कांस्य पदक दिसेल. राजा 1777 मध्ये वारला, पोंबाल पडला, पदक उखडलं; 1833 मध्ये ते परत बसवलं. राजाच्या पुतळ्यावर मंत्र्याने आपला चेहरा लावायचा हे धाडसच म्हणायचं.

आणि कमान. आराखड्यात ती 1759 पासून होती, पूर्ण झाली 1873 मध्ये. भूकंपानंतर 118 वर्षांनी. मधे पैसा संपला, राजे गेले, नेपोलियनचं सैन्य आलं, यादवी झाली, आणि खांब नुसतेच उभे राहिले. म्हणून खालचा भाग आणि वरची शिल्पं यांचा स्वभाव जुळत नाही. वरच्या तीन मूर्ती काल्मेल्श या फ्रेंच शिल्पकाराच्या: कीर्तिदेवता प्रतिभेला आणि शौर्याला मुकुट घालतेय. खालच्या ओळीत व्हिक्तोर बाश्तुशने घडवलेले चौघे: रोमनांशी लढलेला व्हिरियातु, सेनापती नुनु आल्व्हारिश पिरैरा, वास्को द गामा आणि पोंबाल. दोन कडांना आडवे पहुडलेले दोन दाढीवाले म्हणजे तेजो आणि दोरु या नद्या. लॅटिन लेखात म्हटलंय की पूर्वजांचे गुण सर्वांना धडा म्हणून राहोत, आणि शेवटी तीन अक्षरांत, हे सार्वजनिक पैशातून झालं. ते शेवटचं अधिक भरवशाचं.

वास्को द गामा कमानीवर उभा असलेली ही एकच जागा नाही. जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्याकडे उघडणारी व्हाइसरॉयची कमान आहे. वास्कोच्या सफरीला शंभर वर्षं झाली त्या सुमारास, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, त्याचाच पणतू फ्रांसिश्कु द गामा व्हाइसरॉय असताना ती उभारली, आणि कोनाड्यात पणजोबांचा पुतळा बसवला. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरला की याच कमानीखालून शहरात शिरायचा. आज दिसते ती 1954 साली पुन्हा बांधलेली, जांभ्या दगडाची, कितीतरी लहान. दिवार बेटाची फेरी तिच्याजवळच लागते. म्हणजे ही रचना, नदी-पायऱ्या-कमान-शहर, गोव्यात लिस्बनच्या आधी पूर्ण झाली होती!

लिस्बनच्या कमानीवर 2013 पासून जाता येतं. दार रुआ औगुश्ताच्या बाजूला, लहानसं, पटकन दिसत नाही. काही मजले लिफ्ट, मग घड्याळाच्या खोलीतून दगडी गोल जिना. तो इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने थांबावंच लागतं. गुडघ्यांचा किंवा कोंडलेल्या जागेचा त्रास असेल तर घड्याळाच्या खोलीतच समाधान माना. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. वर घंटा आहे, तासाच्या ठोक्याला तिच्याशेजारी उभं राहू नका. उत्तरेकडे रुआ औगुश्ता सरळ रेघेत रोसियुपर्यंत, उजवीकडे किल्ला आणि कॅथेड्रल. दक्षिणेकडे चौक आणि नदी. दुपारी तिकडचा फोटो काढायला गेलात तर पाण्यावरची तिरीप डोळ्यांत येते आणि फोटो करपतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा.

चौकात सावली नाही. उन्हाळ्यात फरशी भाजते, आसरा फक्त ओवऱ्यांचा, आणि ओवऱ्यांमधल्या खानावळींत जागेचे पैसे जेवणात धरलेले असतात. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर येतं. ते फुकट नाही. नको असेल तर हात लावू नका, परत न्यायला सांगा. पेठेत कुणी कानाशी येऊन गांजा-चरस हवं का विचारेल. बऱ्याचदा ते दाबून वडी केलेलं तमालपत्रासारखं पान असतं. घरी आमटीत घालतो तेवढ्यासाठी युरो मोजू नयेत.

वायव्य कोपऱ्यात, रुआ दु आर्सेनालच्या तोंडाशी, 1 फेब्रुवारी 1908 रोजी राजा दों कार्लुश आणि युवराज लुईश फिलिप यांना उघड्या बग्गीत गोळ्या घातल्या. राजघराणं बारैरुहून बोटीने येऊन शेजारीच उतरलं होतं. दोन वर्षांनी, 1910 मध्ये, राजेशाहीच संपली.

त्याच परिसरात 25 एप्रिल 1974च्या पहाटे सरकार उलथवायला सांतारेंहून निघालेली चिलखती गाड्यांची तुकडी येऊन थांबली. तिचा प्रमुख कॅप्टन साल्गैरु माया, वय 29. चौकाभोवती तेव्हा मंत्रालयं होती, आणि आत अडकलेले काही मंत्री भिंतीला भोक पाडून शेजारच्या नौदलाच्या इमारतीत निसटले. नदीत एक युद्धनौका तोफा रोखून उभी होती, तिने गोळा टाकला नाही. सरकारच्या बाजूचे रणगाडे काठाने आले. ब्रिगेडियरने मायावर गोळी झाडायचा हुकूम दिला आणि रणगाड्यातल्या एका कॉर्पोरलने तो पाळला नाही. झाकण लावून आत बसून राहिला. संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली.

गोवा तोवर भारतात येऊन बारा वर्षं झाली होती, पण लिस्बनच्या कागदांत ते अजून पोर्तुगालचं व्यापलेलं राज्य होतं. पोर्तुगालच्या संसदेत गोव्याच्या नावाच्या जागा ठेवलेल्या होत्या. आठ महिन्यांनी, 31 डिसेंबर 1974 रोजी, नवी दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. पोर्तुगालकडून सही केली परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश यांनी. भारताच्या बाजूने सही होती तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्यांची, यशवंतराव चव्हाणांची. सैन्य गोव्यात शिरलं त्या डिसेंबरात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.